शुद्धोदनाचा बंदोबस्त

मुलांनी दूरदर्शनवर काय पाहावे हे ठरविण्याचा अधिकार आईबापांना आहे की नाही, हा प्रश्न वरवर गृहव्यवस्थेचा भासत असला तरी मुळात तो धर्मविचाराचा आहे. कारण दुसऱ्याच्या, मग तो पोटचा गोळा का असेना, डोळ्यांवर पहारा बसविण्याची मुखत्यारी कोणाला व कोणत्या हेतूने मिळते, याचा निवाडा आधी व्हावा लागतो.

अशा पहाऱ्याचा ठळक दाखला कपिलवस्तूचा. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’त सिद्धार्थ नगराबाहेर विहारास निघतो तेव्हा शुद्धोदन राजमार्गावरून रोगी, व्यंग आणि दीन माणसे हलविण्याचा हुकूम सोडतो, तरीही म्हातारा दिसतोच, पुढे रोगी दिसतो, आणि अखेर प्रेतही दिसते. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर यांतले काहीच पाहिले नसेल हे संभवत नाही, असा रास्त आक्षेप डॉ. आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बुद्धविषयक ग्रंथात घेतला आहे. ही आख्यायिका इतिहास म्हणून टिकत नसली, तरी बापाच्या अंतःकरणाची साक्ष म्हणून तिचे मोल उणावत नाही. मुलगा विरक्त होईल आणि गादीला वारस उरणार नाही, या धास्तीने केलेला तो बंदोबस्त होता. त्यात मुलाच्या हितापेक्षा बापाची सोय अधिक होती. मला त्या कथेत राजापेक्षा सारथी मोठा वाटतो. ‘हा कोण?’ असे कुमाराने विचारताच त्याने रथ पिटाळला नाही; हे वार्धक्य आहे आणि ते आपणासही चुकणार नाही, असे त्याने सांगून टाकले. देवांनी बुद्धी मोहविली म्हणून तो बोलून गेला, असे अश्वघोष म्हणतो. ते मला पटत नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर कितीतरी वर्षे हा पहारा सरकारच करीत असे, आणि १९८७ साली ‘रामायण’ लागले तेव्हा आजीआजोबांसकट सारी आळी एकाच संचापुढे बसल्यामुळे वेगळ्या देखरेखीची गरजच पडली नाही. वाहिन्यांचा सुळसुळाट झाल्यावर १९९५ चा केबल कायदा आला खरा. पण कायद्याचा अंमल उंबरठ्याशी थांबतो.

उंबरठ्याच्या आत काय चालते? एका परिचित घरी आठाच्या ठोक्याला व्यंगचित्रे बंद होतात, मुलीला संचाकडे पाठ करून गणिताच्या वहीपुढे बसविले जाते, आणि वडील बातम्यांतील वादंग मोठ्या आवाजात लावतात. मुलगी समोरच्या कपाटाच्या काचेत ते सगळे पाहत असते. ‘आजी, हे सगळे एकदम का ओरडतायत?’ असे तिने विचारले, तेव्हा मटार सोलता सोलता आजी म्हणाली, ‘कुणाचंच ऐकायचं नाही, असं ठरवून आलेत गं.’ वडिलांच्या मनाईहुकमापेक्षा या उत्तराने त्या मुलीचे अधिक रक्षण केले, याविषयी मला संदेह नाही.

याचा अर्थ मनाई सर्वथैव त्याज्य, असा नव्हे. विवेक जागा होण्यापूर्वी, चारपाच वर्षांच्या पोराच्या दृष्टीआड काही गोष्टी ठेवणे हे पालकाचे कर्तव्यच आहे. परंतु जो नियम घालणाऱ्याला लागू नाही, तो नियम नसून निव्वळ हुकमत होय; आणि मुलाशेजारी अर्धा तास बसून त्याच्या ‘हा कोण?’ला उत्तर देण्याची ज्याला सवड नाही, त्या बापाचा पहाऱ्याचा दावा मी तरी मान्य करणार नाही.