बातमीची शहानिशा : श्रद्धावंतांचे कर्तव्य

कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतही आज हातोहाती मोबाइल आहे. आलेला संदेश न वाचताच पुढे जातो. त्याची किंमत कोण मोजतो?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराधांचा जीव घेतला. त्यांत आपल्या मंगळवेढा तालुक्यातील भिक्षेकरी डवरी गोसावी होते.

बातमीची शहानिशा करा, अन्यथा अजाणता कोणावर अन्याय होऊन पश्चात्ताप पदरी येईल, अशी ताकीद दिव्य कुरआन (४९:६) देतो. ऐकीव ते सारे सांगत सुटणे हेच खोटेपणास पुरेसे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे.

कयामतच्या दिवशी आपले हातच साक्ष देतील. खात्री नसेल, तर बोट आवरा.