आठवड्याने पुन्हा विचारणारं कोणी

वाचन : गलतीकरांस पत्र ६:१-२

१७४२च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या मंडळीची बैठक भरली होती. विषय निव्वळ व्यवहाराचा होता. सभागृहावर झालेलं कर्ज फेडायचं कसं? एकाने सुचवलं, कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, आपल्यातले पुष्कळजण गरीब आहेत, त्यांना तेवढीही झेपणार नाही. त्यावर पहिला म्हणाला, सगळ्यांत गरीब असे अकराजण माझ्याकडे द्या. दर आठवड्याला मी त्यांच्या घरी जाईन. ज्यांना जमेल ते देतील, ज्यांना जमणार नाही त्यांचे मी भरीन. मग इतरांनीही अशीच अकरा-अकरा माणसं वाटून घेतली.

पैसे गोळा करायला ही माणसं घरोघर जाऊ लागली, तेव्हा रविवारच्या उपासनेत कधी न दिसलेलं बरंच काही त्यांना दिसलं. एका घरी नवरा-बायकोचं भांडण पेटलेलं, दुसऱ्या घरी घरधनी दारू पिऊन पडलेला. हे वेस्लींच्या कानावर आलं आणि आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच, असं त्यांना वाटलं. पेनी घ्या, पण त्या माणसाच्या जिवाचं कसं चाललंय तेही विचारा, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. पुढे घरोघर जाण्यात अडचणी येऊ लागल्या. दुसऱ्याच्या घरी नोकरीला असलेल्यांना मालक भेटू देत नसत. दोघांमध्ये गैरसमज असला तर दोघांना समोरासमोर बसवावं लागे. म्हणून अकराजण आणि त्यांना भेटणारा, अशा बाराजणांनीच आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं ठरलं. चुकणाऱ्याला तिथे समजावलं जाई, खचलेल्याला धीर मिळे, आणि उठण्यापूर्वी सगळे मिळून प्रार्थना करीत. मेथडिस्ट मंडळ्यांची ‘क्लास मीटिंग’ ती हीच. पुढे १८७१-७२मध्ये अमेरिकन सुवार्तिक विल्यम टेलर मुंबईत आले, तेव्हा त्यांनीही घराघरांतून असेच छोटे गट बांधले आणि त्यांतून मुंबईची मेथडिस्ट मंडळी उभी राहिली.

मला या हकिकतीत एक गोष्ट फार मोलाची वाटते. ती माणसं समुपदेशक नव्हती. पण ती दर आठवड्याला येत होती.

उपदेश ऐकून माणूस बदलतो यावर आपला मोठा विश्वास आहे. उपदेशाची थोरवी मी मुळीच कमी करत नाही. पण स्वतः उत्तम उपदेशक असलेल्या सतराव्या शतकातल्या रिचर्ड बॅक्स्टर यांचा अनुभव ऐका. इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावात त्यांच्याकडे आठशेंवर कुटुंबं होती. सोमवार आणि मंगळवार असे दोन दिवस राखून ते आणि त्यांचे सहकारी आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबांशी एकेक करून बोलत आणि वर्षभरात अख्खा गाव पुरा करीत. दहा वर्षांच्या जाहीर उपदेशाने ज्यांच्यावर परिणाम झाला नव्हता, अशा काही लोकांना अर्ध्या तासाच्या जवळच्या बोलण्याने जाग आली, असं त्यांनी १६५६ साली लिहून ठेवलं आहे.

अमेरिकेतले पाळक जे ॲडम्स यांनी १९७०मध्ये ‘कॉम्पिटंट टू काउन्सेल’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांचाही आग्रह हाच होता, की माणसांच्या जीवनातले गुंते सोडवण्याचं काम मंडळीने बाहेर सोपवून मोकळं होऊ नये. पाळकांनी आणि विश्वासणाऱ्यांनी पवित्र शास्त्र हाती घेऊन ते करावं. शास्त्राधारित समुपदेशनाची आजची चळवळ तिथून वाढली. ॲडम्स यांचा भर पाप दाखवून देण्यावर जास्त होता, आणि दुःखाने मोडलेल्या माणसाला तो भर जड जाऊ शकतो. त्यांच्यानंतरच्या डेव्हिड पॉवलिसन यांनी अंतःकरणाच्या इच्छांकडे आणि माणसाच्या वेदनेकडे अधिक लक्ष वेधलं. मला हा दृष्टिकोन अधिक जवळचा वाटतो, कारण तो लूकच्या सहाव्या अध्यायात प्रभूने दिलेल्या झाड आणि फळांच्या दाखल्याशी जुळतो. घरी रोज ओरडणाऱ्या माणसाला ‘ओरडू नकोस’ सांगितलं तर तो चार दिवस गप्प बसतो. ओरडताना तुला नेमकं काय हवं असतं, कशाची भीती वाटत असते, असं त्याला कोणी शांतपणे विचारलं, तर गोष्ट मुळापाशी जाते.

आणि बदल किती दूरवर जायला हवा, हे पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पाहावं. चोरी करणाऱ्याबद्दल तो लिहितो, पण चोरी थांबली एवढ्यावर त्याचं समाधान नाही. त्या माणसाने आपल्या हातांनी कष्ट करावेत, तेही अशासाठी की गरजवंताला द्यायला त्याच्यापाशी काही असावं. दुसऱ्याचं उचलणारा हात दुसऱ्याला देणारा होईपर्यंत पौल थांबत नाही. एवढी वाट एकट्याने, बंद खोलीत, निव्वळ निश्चयाच्या बळावर चालता येत नाही. म्हणून तर गलतीकरांना तो सांगतो, की कोणी चुकीत सापडला तर त्याला सौम्यपणे सावरा, स्वतःलाही जपा, आणि एकमेकांची ओझी वाहा. ही आज्ञा सगळ्या मंडळीला आहे, एकट्या पाळकांना नाही.

आता आपल्या घरोघरच्या प्रार्थनासभा आठवा. प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या की कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन असतं, कोणाच्या मुलाला नोकरी हवी असते, कोणाच्या मुलीचं लग्न ठरायचं असतं. या साऱ्या विनंत्या खऱ्या आहेत आणि देवासमोर आणायच्याच आहेत. पण ‘माझा राग आवरत नाही’, ‘मी पुन्हा प्यायला लागलोय’, ‘सुनेविषयी माझ्या मनात कडवटपणा साचलाय’, असं आपण कधी ऐकतो? याकोबाच्या पाचव्या अध्यायात रोग्यासाठी प्रार्थना आणि एकमेकांजवळ पापांची कबुली एकाच श्वासात येतात. आपण पहिली घेतली आणि दुसरी सोडून दिली.

का सोडली, हेही आपल्याला ठाऊक आहे. सांगितलेली गोष्ट सभा संपून चहा येईपर्यंत दुसऱ्याच्या कानी जाते. एकदा पोळलेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही, आणि यात दोष त्याचा नाही. ज्या मंडळीत गुपित टिकत नाही, तिथे कोणी बदलेल अशी अपेक्षा करू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्याला झोप नाही, अन्न जात नाही, जगावंसं वाटत नाही, त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. औषध घेणं हा अविश्वास नाही. ज्या घरात बाईला किंवा लेकरांना मारहाण होते, तिथे क्षमेची वचनं वाचून दाखवण्याआधी त्यांना सुरक्षित जागी न्या आणि गरज असेल तर पोलिसांत जा. ओझी वाहणं म्हणजे हेसुद्धा.

वाचकहो, आपल्या मंडळीतल्या एका भरवशाच्या माणसाला या आठवड्यात आपली एक खरी अडचण सांगा. आणि कोणी तुम्हाला सांगितली, तर लगेच उपाय देऊ नका, ती कोणापाशी बोलू नका. त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि पुढच्या आठवड्यात स्वतःहून जाऊन विचारा, कसं चाललंय?