कागद फाडण्याची वेळ

९ नोव्हेंबर २००१. आर्थर अँडरसन या हिशेबतपासणी कंपनीच्या ह्यूस्टन कार्यालयातल्या एका सचिव बाईंनी सहकाऱ्यांना छोटासा मेल पाठवला. साहेबांचा निरोप आहे, आता श्रेडिंग नको. कागदपत्रांसाठी आपल्यावर रीतसर समन्स बजावलं गेलंय. अमेरिकेच्या भांडवली बाजार नियामकाचं, म्हणजे सेकचं, ते समन्स आदल्याच दिवशी येऊन थडकलं होतं. त्याआधी अडीच आठवडे, अँडरसन जिचे हिशेब तपासत होती त्या एन्रॉन या ऊर्जा कंपनीच्या फायलींमधले कागद यंत्राच्या पात्यांखाली जात होते आणि मेल पुसले जात होते. ते थांबवणारा मेल मात्र टिकला, आणि पुढे थेट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात जाऊन बसला.

यातली मेख अशी की अँडरसनचं कागदपत्रांचं धोरण मुळात बेकायदा नव्हतं. अंतिम हिशेबाला लागतं ते ठेवा, कच्ची टिपणं आणि मसुदे काढून टाका, असं धोरण कुठल्याही मोठ्या संस्थेत असतं. ऑक्टोबरात एन्रॉनचे आकडे डळमळू लागले तसं ते सगळ्यांना आठवू लागलं. १० तारखेला मायकेल ओडम या भागीदाराने एका प्रशिक्षण बैठकीत सांगितलं की नेहमीच्या धोरणाप्रमाणे कागद गेले आणि दुसऱ्या दिवशी दावा लागला, तर उत्तमच. १२ तारखेला कंपनीच्या वकील नॅन्सी टेंपल यांनी मेल लिहून, एन्रॉनच्या पथकाला धोरणाची आठवण करून दिली तर बरं, असं सुचवलं. २३ तारखेला पथकाचे प्रमुख डेव्हिड डंकन यांनी माणसांना धोरण पाळायला बजावलं. ‘पुरावा नष्ट करा’ असं कोणीच म्हणालं नाही. जो तो नियम पाळायला सांगत होता.

मे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अँडरसनला दोषी ठरवणारा निकाल एकमताने रद्द केला. ज्यूरीला दिलेल्या सूचनाच सदोष होत्या, आणि सामान्य परिस्थितीत कर्मचाऱ्यांना असं धोरण पाळायला सांगणं हा काही गुन्हा नव्हे. तोवर कंपनी नावापुरती उरली होती. तिच्या अमेरिकेतल्या २८ हजार माणसांपैकी बहुतेकांनी एन्रॉनचा एक कागदही पाहिला नसेल. कायद्याच्या काट्यावर निकाल चोख असेल. मला खटकते ती तारीख. तोच कागद, तोच नियम, तोच हात. मार्च महिन्यात फाडला असता तर ती साफसफाई होती, ऑक्टोबरात ती लपवाछपवी झाली. अमेरिकेच्या २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने हे ओळखलं. चौकशीचं नुसतं चिन्ह दिसत असताना ती अडवण्याच्या हेतूने नोंद नष्ट केली तरी २० वर्षांपर्यंत कैद. समन्स हातात पडलं नव्हतं, ही सबब संपली.

आपल्या तालुका कचेरीतल्या अभिलेख कक्षाच्या कारकुनाला यात नवल वाटणार नाही. अ वर्गाचा कागद कायमचा, ड वर्गाचा वर्षभराने नष्ट करायचा, आणि वर्ग ठरवायचा तो प्रकरण बंद करताना, कोणी माहिती अधिकाराचा अर्ज टाकल्यावर नव्हे. (नियम तसा आहे. गहाळ होणाऱ्या फायली कोणत्या वर्गातल्या, हे मात्र विचारू नये.)

मोठ्या कंपन्यांनी आता हा निर्णय माणसाच्या हातातून काढूनच घेतला आहे. मेल आला किंवा गेला की सर्व्हरच त्याची एक प्रत वेगळ्या साठ्यात टाकतो. याला जर्नलिंग म्हणतात. एकदा लिहिलं की बदलता येणार नाही अशा साठवणीत ती प्रत ठरलेली वर्षं पडून राहते. तुम्ही इनबॉक्स लखलखीत केलात तरी तिला धक्का लागत नाही. मुदत संपली की ती आपोआप जाते. पण वाद उभा राहिला की वकील ‘लीगल होल्ड’ लावतात आणि पुसणं थांबतं. आमच्यावर विश्वास नाही का, असं यावर काही जण कुरकुरतात. देवळाच्या दानपेटीला दोन कुलपं असतात आणि किल्ल्या दोन विश्वस्तांकडे. त्यात कोणाचा अपमान होत नाही, उलट दोघेही रात्री निवांत झोपतात.

पण इकडे कुलूप लागलं की बोलणं दुसरीकडे सरकतं. ‘मेलवर नको, फोन कर’ हे वाक्य ज्याने कधीच ऐकलं नाही असा नोकरदार विरळा. फोन अनेकदा निव्वळ सोयीसाठीच असतो, हे मान्य. तरी ते वाक्य म्हणताना आवाज किंचित उतरतो, तेव्हा म्हणणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. डिसेंबर २०२१ मध्ये जेपी मॉर्गनच्या रोखे विभागाला सेकने साडेबारा कोटी डॉलरचा दंड केला. कर्मचारी कामाचं बोलणं खासगी फोनवर, व्हॉट्सअॅपवर करत होते आणि ते जपलं गेलं नव्हतं. नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याची जबाबदारी ज्यांची, ते वरिष्ठही त्यात होते. व्हॉट्सअॅपने त्याच्या वर्षभर आधी सात दिवसांत आपोआप नाहीसे होणारे संदेश आणले होते. मेलच्या साठ्यात गुळगुळीत पत्रव्यवहार उरतो; खरा निर्णय कधीच हवेत विरलेला असतो.

मग सगळंच जपावं का? इथे पुन्हा एन्रॉनकडेच जावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या वीजटंचाईची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगाने २००३ मध्ये एन्रॉनचे मेल लोकांसाठी खुले करून टाकले. पुढे अभ्यासकांनी चाळून ठेवलेल्या संचात सुमारे १५० जणांच्या पेट्यांमधले पाच लाखांच्या आसपास मेल आहेत. त्यांत एन्रॉनचा आपल्याकडचा दाभोळ वीजप्रकल्पही येतो. गुहागर तालुक्यातल्या त्या प्रकल्पाचा वीज खरेदी करार पाहायला मिळावा म्हणून महाराष्ट्रात केवढा आटापिटा करावा लागला होता! त्याच कंपनीची कपाटं जगासमोर उघडी पडली, तेव्हा इथे अनेकांना काव्यगत न्याय वाटला असेल.

न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या संचात ‘डिलिटेड आयटम्स’ नावाच्या पेट्याही आहेत, म्हणजे माणसांनी आपल्यापुरतं पुसून टाकलेलंसुद्धा. घरगुती निरोप, संसारातल्या कुरबुरी, ओळखपत्रांचे क्रमांक, सगळं पहिल्या खेपेला उघड्यावर आलं. तक्रारी आल्यावर काही मजकूर काढला गेला, काही तसाच राहिला. पेट्या बहुतेक वरिष्ठांच्या होत्या. पण पत्राला दुसरं टोक असतं, आणि त्या टोकाला मित्र, बहीण, सोडून गेलेली बायको, अशी कंपनीशी काडीचाही संबंध नसलेली माणसं होती. स्पॅम ओळखणारी यंत्रं याच पत्रांवर घडवली गेली, संगणकाला भाषा शिकवण्याचे प्रयोग आजही त्यांवर चालतात. दुसऱ्या टोकाच्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं.

डिस्क स्वस्त झाली म्हणून सगळं ठेवून देणं हा मला शुद्ध आळस वाटतो. हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवा, असं आपला २०१३ चा कंपनी कायदा सांगतो, आणि ज्या कामासाठी घेतली ते संपलं की माणसाची वैयक्तिक माहिती पुसा, असं २०२३ चा विदा संरक्षण कायदा सांगतो. दोन्ही एकाच सर्व्हरवर पाळायचं म्हणजे कोणीतरी बसून पत्रन् पत्राचा प्रकार ठरवायला हवा. त्या बैठकीला वकील येतात, आयटीवाले येतात, हिशेब विभाग येतो. ज्यांची पत्रं आहेत त्यांच्यापैकी कोणी नसतं. निदान रुजू होण्याच्या दिवशी नव्या माणसाला समोर बसवून एवढं तरी सांगता येईल की तुझा मेल इतकी वर्षं राहील, अमुक माणूस तो वाचू शकतो, आणि तुझ्या आईने या पत्त्यावर काही पाठवलं तर तेही. बहुतेक ठिकाणी हे नेमणूकपत्रासोबतच्या जाडजूड दस्तऐवजात कुठेतरी छापलेलं असतं, आणि सही घेणाऱ्यानेही ते पान कधी उलटलेलं नसतं.