ओटीपी आणि वाणीचं तप



आजचं चिंतन गीतेच्या १७व्या अध्यायातल्या १५व्या श्लोकावर. शरीराचं तप, वाणीचं तप आणि मनाचं तप अशी विभागणी भगवंत इथे करतात, त्यातला हा वाणीचा श्लोक. बोलणं कसं असावं? ऐकणाऱ्याला उद्वेग न देणारं, खरं, प्रिय वाटणारं आणि हिताचं. शिवाय रोजचा स्वाध्याय. म्हणजे आपण सकाळी चहासोबत जे दोन श्लोक वाचतो ना, तेही यातच आलं.

वाचताना किती सोपं वाटतं. चार गोष्टी, एका दमात. पण या चारांतल्या दोन एकमेकींच्या अंगावर धावून आल्या तर? हा प्रश्न मला पुस्तकात नाही, घरातल्या हॉलमध्ये पडला. समोर उघडा पडलेला सीपीयू होता आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसलेला बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा.

सुरुवातीपासून सांगतो. धाकटा ॲनिमेशनचा कोर्स करतोय. त्याच्यासाठी हप्त्यांवर डेस्कटॉप घेतला, घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी असलेला. सात महिने छान चालला. मग रेंडर लावला की दहा-बारा मिनिटांत फट्कन बंद. निळी स्क्रीन नाही, मेसेज नाही, थेट काळोख. परत चालू केल्यावर लॉगमध्ये एकच ओळ, ‘कर्नल-पॉवर ४१’. याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. ते आम्हालाही दिसतच होतं!

कंपनीच्या हेल्पलाइनने आधी वायर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरायला लावलं. मग, “सर, तुमच्याकडे लाइट जाते का?” डोंबिवलीत राहणाऱ्याला हा प्रश्न विचारायचा म्हणजे, असो. यूपीएस आहे म्हटल्यावर चौथ्या दिवशी हा मुलगा आला. टिटवाळ्याहून, पाठीवर भली मोठी बॅग. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, चौथा मजला. त्याने एसएमपीएस बदलला, मशीन चालू झालं, त्याने ओटीपी मागितला, मी दिला. संध्याकाळी परत काळोख.

नवव्या दिवशी तो पुन्हा आला. म्हणाला, मदरबोर्डच गेलाय, मागवावा लागेल. मग जरा घुटमळत, “दादा, एक ओटीपी येईल, तेवढा सांगा ना. हा कॉल क्लोज करतो, पार्ट आला की मीच नवीन कॉल टाकतो.”

“पण दुरुस्त झालंच नाहीये.”

“हो दादा, पण कॉल ओपन राहिला की आमचा इन्सेंटिव्ह कापतात. वरून फोन येतात.”

आईने तोवर त्याला चहा दिला होता. त्याचा शर्ट घामाने भिजलेला. मी विचार केला, सहा आकडे तर आहेत. कुणाचं काय बिघडतं? दिले. खरं सांगू, तेव्हा मला स्वतःबद्दल जरा बरंच वाटलं. आपण कसे समजूतदार, भक्तिमार्गातले वगैरे.

पुढे सतरा दिवस काहीच नाही. सव्विसाव्या दिवशी फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, सिस्टिममध्ये प्रॉब्लेम सॉल्व्ह झालेला दिसतोय. तुमच्याच ओटीपीने कॉल क्लोज झालाय.” पार्टची ऑर्डरच कुठे पडली नव्हती. दोन दिवसांनी धाकट्याची शोरील द्यायची तारीख होती. तो ठाकुर्लीच्या मित्राकडे रात्री जाऊन, मित्र झोपला की त्याच्या मशीनवर काम करत होता. निम्मंच झालं. दिलं तसंच. मला एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

त्या फोनवरच्या मुलीला मात्र मी खूप बोललो. आवाज इतका चढला की शेजारच्या काकू दारात आल्या. फोन ठेवल्यावर कळलं की तिच्या हातात काहीच नव्हतं. ज्याने हे ‘क्लोज’चं गणित बसवलंय तो माणूस मला कधी फोनवर भेटणारच नाही. अशी व्यवस्थाच असते, की राग नेहमी सगळ्यात खालच्या पायरीवर सांडावा. आणि मूळ खोटं तर मीच बोललो होतो. सहा आकड्यांत.

एकतिसाव्या दिवशी तोच मुलगा बोर्ड घेऊन आला. खोका उघडला, तर मॉडेल दुसरंच. आणि पुन्हा तो प्रश्न, “दादा, ओटीपी…”

त्या सकाळी मी नेमका हाच श्लोक वाचला होता. (माझ्यावर असे योगायोग फार चालून येतात, हसू नका.) ओटीपी दिला तर प्रिय, पण खोटं. नाही दिला तर खरं, पण त्याला उद्वेग. हित कशात?

महाभारताच्या कर्णपर्वात भगवंतांनी अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगितलीय. गांडीव दुसऱ्याला देऊन टाक म्हणेल त्याला मारीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा, आणि नेमकं धर्मराजच तसं बोलून बसले. अर्जुनाने तलवार उपसली, तेव्हाची ही गोष्ट. कौशिक कायम खरंच बोलण्याचं व्रत घेतलेला तपस्वी. दरोडेखोरांनी विचारलं, माणसं कुठे पळाली? याने खरं सांगितलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. म्हणजे नुसतं खरं बोललो म्हणून सुटलो, असं नाही.

त्या नवव्या दिवशी ही गोष्ट माझ्या बाजूने आहे, असं मला वाटलं असतं. बघा, देवच म्हणतो, कुणाचं भलं होत असेल तर खऱ्याचा हट्ट नको. पण नीट बघितलं तर उलटं आहे. कौशिकासमोर जीव वाचवायचे होते आणि खोटं ऐकणारे दरोडेखोर होते. माझं खोटं कुणी ऐकलं? कंपनीच्या रेकॉर्डने. तिथे वरच्या माणसाला दिसणार, डोंबिवलीचं मशीन वेळेत दुरुस्त झालं, सगळं झकास. त्या झकास आकड्यांवर या मुलाचं पुढच्या महिन्याचं टार्गेट ठरणार. म्हणजे ज्याच्यावर दया म्हणून मी खोटं बोललो, त्याच्याच गळ्याचा फास घट्ट झाला. आणि किंमत भरली धाकट्याने. दुसऱ्याच्या खिशातून केलेली दया ती.

ज्ञानेश्वर माऊलींनी याच श्लोकावर सुंदर दृष्टान्त दिलाय. झाडाला पाणी घालतो, पण ते जाताजाता भोवतीचं गवतही जगवतं. तसं एकाला उद्देशून बोललेलं सगळ्यांच्या हिताचं होतं. तक्रार अशीही असू शकते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. आपल्याकडे तक्रार म्हणजे भांडखोरपणा, आणि गप्प बसणं म्हणजे सात्त्विकता. पण आपल्याच महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा झाला १९८६ मध्ये, म्हणजे त्यानंतर बारा वर्षांनी. कुणीतरी आधी झाडाला पाणी घातलं होतं.

मी त्याला म्हटलं, “ओटीपी नाही देत रे. पण तुझं नुकसान होऊ नये म्हणून काय लिहू, ते तू सांग.” त्याच्या सर्व्हिस रिपोर्टवर आम्ही दोघांनी मिळून लिहिलं: चुकीचा पार्ट पाठवला, मशीन दुरुस्त झालेलं नाही, इंजिनिअर वेळेवर आला, त्याची चूक नाही. सही केली, फोटो काढला. त्याच रात्री तो फोटो जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला आणि दुसऱ्या दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. मेलमध्ये आधीचे दोन ओटीपीही लिहिले, त्यातला दुसरा दुरुस्ती न होताच दिला, हेही. ते लिहिताना हात जड झाला होता. (तुमच्यावर अशी वेळ आली तर माहीत असू द्या: २०१९च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं.)

पण हे सगळं लिहून झाल्यावर तो मुलगा खूश होता का? नव्हता. बॅग उचलताना म्हणाला, “ठीक आहे दादा, तुमचंही बरोबर आहे.” चहा अर्धा ठेवून गेला. श्लोकातल्या चारपैकी तीन जमल्या असतील माझ्या, प्रिय काही जमलं नाही. माऊली म्हणतात तसं परिसाने लोखंडाचं वजनही न घटवता सोनं करावं, इतकं हळुवार खरं बोलायला मी अजून शिकायचोय. आणि त्या फोनवरच्या मुलीचं काय? तिची माफी मागायला कुठला नंबर लावू? हेल्पलाइन तर दर वेळी दुसऱ्याच माणसाला जोडते.

सेहेचाळिसाव्या दिवशी बरोबर बोर्ड आला. वेगळाच मुलगा घेऊन आला. दोन तास रेंडर लावून बघितला, मशीन बंद पडलं नाही, मग ओटीपी दिला. मी विचारलं, आधीचा टिटवाळ्याचा कुठे आहे? “तो आता दुसऱ्या एरियात असतो,” एवढंच म्हणाला. का, ते त्याला माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

रिपोर्टच्या कागदावर त्याचा नंबर आहे. काल संध्याकाळी लावला, पूर्ण रिंग वाजली. आज परत लावणार आहे.