जे परत येत नाहीत

सुया-सिरिंजा वाटणं, अफूजन्य व्यसनावर जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देणं, अशी हानी कमी करणारी धोरणं ऐकली की व्यसनमुक्ती केंद्रातल्या अनेक अनुभवी कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. ही आठी अडाणीपणाची नाही. यातले कित्येकजण स्वतः गर्द किंवा दारूतून बाहेर आलेले असतात. पूर्ण बंद केलं म्हणूनच आपण जगलो, हा त्यांचा अनुभव खरा आहे. पुरावा म्हणून मात्र तो अपुरा पडतो. केंद्रात दिसतात ते टिकलेले, नाहीतर घसरून पुन्हा दाराशी आलेले. घसरले आणि आलेच नाहीत, त्यांची नोंद केंद्राच्या वहीत होत नाही. 2003 साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने अशांचाच माग काढला. दाखल होऊन अफूजन्य द्रव्य सोडवण्याचे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरात जे तिघे अतिमात्रेने गेले, ते तिघेही उपचार पूर्ण केलेले होते. शरीराची सवय मोडलेली असते, आणि जुनाच डोस घेतला तर तो जीवघेणा ठरतो. तीन हा आकडा लहान आहे, हे मान्य. पण 2017 साली लाखाहून अधिक रुग्णांच्या माहितीचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात मेथाडोन हे ब्युप्रेनॉर्फिनसारखंच पर्यायी औषध चालू असतानाचा मृत्युदर ते बंद असतानाच्या साधारण एक तृतीयांश निघाला.

यावर ठरलेला आक्षेप येतो: हे एक व्यसन काढून दुसरं लावणं झालं. गोळीवरचं अवलंबित्व उरतं, यात शंका नाही. पण दिवसभर मालाच्या मागे धावणं, उसनी सुई, पोलिसांचा ससेमिरा हे सुटतं आणि माणूस कामावर जाऊ लागतो. मधुमेही इन्सुलिनवर अवलंबून असतो, त्याला आपण व्यसनी म्हणत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ब्युप्रेनॉर्फिन आपल्याकडे सुईतून नशेसाठीही वापरलं गेलं आहे, म्हणूनच गोळी केंद्रात, नजरेसमोर देण्याची पद्धत पडली. मात्र या सावधगिरीची किंमत रोजंदारीवरचा माणूस मोजतो: रोज रांगेत उभं राहायचं तर सकाळचं काम हुकतं. कार्यकर्त्यांनी वाद घालायचाच तर तो इथे घालावा: घरी किती दिवसांची गोळी द्यावी आणि कुणाला.