पंजाची बाकी

परळच्या एका चाळीत तळमजल्यावर मावशींची खानावळ होती. गिरण्यांच्या तिन्ही पाळ्यांचे गडी तिथे जेवायचे. बहुतेक सातारा-कोल्हापूरकडचे, बायकापोरं गावी ठेवून आलेले. त्यांच्यात सगळ्यांत जास्त मान होता नानांना. साचेखात्यात त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती, पण मान त्यामुळे नव्हता. तो त्यांच्या वहीमुळे होता.

वहीत मटक्याचे आकडे होते. ही गोष्ट १९७० नंतरची. त्याआधी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या भावांवर आकडा लागत असे. ते १९६१ साली बंद पडलं आणि कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीला, रतन खत्री यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मटका सुरू केला. आधी माठातून चिठ्ठी निघे, पुढे माठाची जागा पत्त्यांनी घेतली. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा अंक तो आकडा. रात्री ओपन, मग मध्यरात्रीच्या सुमारास क्लोज. एका आकड्यावर रुपया लावला आणि तोच आला तर बुकी नऊ रुपये देई. ओपन आणि क्लोजची जोडी जुळली तर नव्वद.

नाना सोमवार ते शनिवार दोन्ही आकडे टिपून ठेवायचे. आठवड्याला बारा, वर्षाला सहाशेच्या आसपास. एकही रात्र सुटली नव्हती. अक्षर सुरेख, रकाने पट्टीने आखलेले. आणि वहीच्या शेवटच्या पानावर ते एक वेगळी यादी ठेवायचे: कोणता आकडा किती दिवस आलेला नाही. त्याला ते म्हणायचे, ‘बसलेला आकडा’. “दहा आकडे आहेत,” ते समजावून सांगत, “वर्षाअखेर सगळे सारखेच येणार. जो मागं राहिला त्याला भरून काढावंच लागतं. त्याची बाकी असते आपल्याकडं.”

त्या वर्षी पावसाळ्यात पंजा बसला. वीस आकडे झाले, पंजा नाही. नानांनी रुपया लावायला सुरुवात केली. दहा वेळा रुपया गेला. मग दोन-दोन रुपये, तेही दहा वेळा. मग पाच. जेवताना पंगतीत दुसरा विषय नसे. पंजा जितका लांबत होता तितकी नानांची खात्री वाढत होती, आणि मी म्हणेन की सगळं नुकसान इथेच होतं. न येणं हाच येण्याचा पुरावा ठरला, म्हणजे माणसाला थांबवणारं काही उरतच नाही. शेवटी नानांनी व्याजाने पैसे काढले आणि दहा-दहा रुपये लावू लागले.

त्यांच्यामागे एक पोरगा लागला. बदली कामगार. सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर परत. तो नानांच्याच तालुक्यातला. नाना खेळतात म्हणून तो दोन रुपयांनी खेळू लागला, मग पाचांनी.

साठ आकडे पंजाविना गेले, आणि एकसष्टाव्याला पंजा फुटला. चाळीत आरडाओरडा झाला. नानांना नव्वद रुपये मिळाले. त्यांनी पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून चाळीतले आणखी आठ-दहा जण ‘आता कोण बसलंय?’ म्हणून विचारायला येऊ लागले. पंजा आला त्या रात्री पोरग्याकडे मात्र लावायला पैसे नव्हते.

पेढे मावशींनाही मिळाले. पण मावशींची स्वतःची एक वही होती, उधारीची, आणि तिच्यात नाना आणि पोरगा दोघांच्याही नावापुढे रक्कम वाढत होती. पेढा देणारा माणूस जेवणाचे पैसे का देत नाही, हे त्यांना कळेना. त्यांचा भाचा रात्रशाळेत शिकत होता, मॅट्रिकला बसायचा होता. त्याला बोलावून मावशी म्हणाल्या, “नानांना इचारून त्यांची वही घे. गेल्या एका वर्षाचीच. जिथं जिथं आकडा इसाच्या वर बसलाय, तिथं तिथं रुपाया लावला असं धर. पुढच्या खेपेला आला का न्हाई, तेवढंच लिव.”

नानांनी वही आनंदाने दिली. आपल्या पद्धतीवर मोहोर उमटणार असंच त्यांना वाटलं असणार.

भाच्याला चार रात्री लागल्या. दहाही आकडे धरून असे प्रसंग निघाले ७१९. त्यांपैकी पुढच्याच खेपेला आकडा आला ७४ वेळा. दहात एकाला लागूनच. वीस खेपा बसलेला आकडा आणि काल रात्रीच आलेला आकडा, दोघांचीही येण्याची शक्यता सारखीच. ७१९ रुपये गेले, ७४ वेळा नऊ म्हणजे ६६६ आले. तूट ५३.

नानांनी हिशेब तीनदा तपासला. चूक सापडेना, कारण वही त्यांचीच होती.

“पण साठ आकडे पंजा आला नाही,” ते म्हणाले, “हे काय रोज होतं?”

भाच्याने पानं उलटली. “एका खेपेला पंजा न येण्याची शक्यता दहात नऊ. सलग वीस खेपा न येण्याची साधारण आठात एक. आणि आकडे तर दहा आहेत, नाना. म्हणजे कुठल्याही रात्री वही उघडा, एखादा आकडा विसाच्या वर बसलेला बहुतेक सापडणारच. तुम्हाला खेळायला नेहमी कुणीतरी तयार असतं ते त्यामुळे. साठांचं म्हणाल तर वर्षाला सहाशे आकडे निघतात, त्यात साठ-साठ खेपा कुणीतरी गायब राहणं वर्षातून एखाद्या वेळी व्हायचंच. मागच्या वर्षी अठ्ठा राहिला होता. तुमच्याच अक्षरात आहे.”

“बरं,” नाना म्हणाले, “पण वर्षाअखेर सगळे सारखे होतात, ते तरी खरं ना?”

हा प्रश्न नीट ऐकायला हवा, कारण शिकलेली माणसंही इथेच घसरतात. भाच्याने त्या वर्षीचा पंजा मोजला होता. पहिल्या सहा महिन्यांत तीनशे आकड्यांत तो ३० वेळा यायला हवा होता, आला २२ वेळा. आठ कमी. पुढच्या सहा महिन्यांत आला ३१ वेळा. म्हणजे मागची तूट भरायला तो धावून आला नाही, नेहमीच्या चालीने आला. वर्षाअखेर साठाच्या जागी ५३, अजून सात कमीच. पण तीनशेत आठ कमी जेवढे डोळ्यांत भरतात तेवढे सहाशेत सात भरत नाहीत. शेकडा सव्वासात होतं, ते पावणेनऊच्या जवळ आलं. तूट कुणी फेडली नाही. तिच्यावर नव्या आकड्यांची रास पडली, म्हणून ती लहान दिसू लागली.

मावशी भाकरी थापता थापता ऐकत होत्या. “माज्या वहीत बाकी आसती ती माणसाच्या नावावर,” त्या म्हणाल्या. “त्याला ठाऊक आसतं मावशीचं देणं हाय. पंजाला कुणी सांगितलं, नानांचं देणं हाय म्हणून?”

पत्त्यांना मागची रात्र आठवत नाही, एवढंच त्या सांगत होत्या. गड्डी पिसली की प्रत्येक खेप पहिलीच. हे ऐकायला इतकं सोपं आहे की ऐकणारा मान हलवतो, आणि पुढच्याच क्षणी ‘पण इतके दिवस आला नाही ना’ म्हणतो. नुसतं परळच नव्हे. इटलीत व्हेनिसच्या लॉटरीत ५३ हा आकडा २००३ पासून येईना. सलग १८२ सोडती गेल्या. जेवढी वाट लांबली तेवढे लोक वेडे झाले, घरंदारं पणाला लागली, काहींनी जीव दिला. ९ फेब्रुवारी २००५ ला ५३ आला, तेव्हा पुष्कळांकडे लावायला काही उरलं नव्हतं. मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत १९१३ च्या ऑगस्टमध्ये चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला, आणि दरवेळी लोक ‘आता लाल’ म्हणत लाखो फ्रँक हरत गेले. त्या माणसांत आणि नानांत मला काही फरक दिसत नाही. आपल्या मनाला ओळ दिसली की ती पुरी करावीशी वाटते. शेतात, साच्यावर, हिशेबात हीच सवय आपल्याला जगवते. म्हणून ती सोडणं इतकं अवघड आहे.

खत्रीचे आकडे सरळ निघतात की कमी पैसे लागलेला आकडाच मुद्दाम काढतात, याची कुजबुज तेव्हाही होती. भाचा म्हणाला, “काढणारा देवमाणूस आहे असं धरा. तरीसुद्धा दहा माणसांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर बुकीकडे दहा जमतात आणि तो नऊ देतो. उरलेला रुपया कुठला आकडा आला यावर अवलंबूनच नाही. ज्याला नऊ मिळाले तो ओरडतो, ते चाळीला ऐकू येतं. बाकीचे नऊ गप्प झोपतात.”

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि त्या पंजाचा हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच मांडला. दहा वेळा एक, दहा. दहा वेळा दोन, वीस. दहा वेळा पाच, पन्नास. अकरा वेळा दहा, एकशे दहा. लावले १९०, आले ९०. व्याज वेगळं. ज्या रात्री पेढे वाटले, त्या रात्री ते शंभर रुपये खाली होते.

लोकांना हे पटलं असं मी सांगणार नाही. पोरगा तर चिडलाच. “पण नाना, पंजा आला की न्हाई शेवटी? तुमी म्हणला तसंच झालं!”

“आला. आज ना उद्या येणारच व्हता. कवा ते मला ठावं नव्हतं, आन तेवढंच ठावं असायला पायजे व्हतं.” नानांनी वही त्याच्यापुढे सरकवली. “तू किती लावलं?”

“ध्यानात न्हाई.”

“ध्यानात आण.”

नानांनी आकडे लिहिणं बंद केलं नाही. ती सवय सुटण्यातली नव्हती, आणि सुटावी असं मलाही वाटत नाही. ती वही खरी होती, चूक तिच्यात कधीच नव्हती. फक्त शेवटच्या पानावरची यादी बदलली. संध्याकाळी कुणी येऊन विचारलं, “नाना, आज कोण बसलंय?” की ते पान काढून सांगायचे, “सत्ता. सव्वीस खेपा झाल्या. आज यायची शक्यता दहात एक. उद्या पण दहात एक. आता तू सांग, गेल्या पगारापासून तुझं किती गेलं आन किती आलं?” काहीजण हसून निघून जायचे आणि थेट बुकीकडे वळायचे. काहीजण बसायचे. पोरगा त्या रात्री बसला. आधी दोनाचे मांडले, मग पाचाचे. दहा वेळा दोन, दहा वेळा पाच. बेरीज सत्तर आली. आईला दर महिन्याला जाणारी मनिऑर्डर साठाची होती. त्या महिन्याची गेलीच नव्हती, आणि का गेली नाही हे त्याने गावी वेगळंच कळवलं होतं.

“मावशीचं किती?” नानांनी विचारलं.

पोरग्याने मावशींची उधारीची वही मागितली आणि बेरजेखाली आणखी एक ओळ लिहिली.