उपवास आणि उपासमार

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७



ध्यानयोग शिकवता शिकवता भगवंत मध्येच जेवणाबद्दल बोलतात. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. यातला पहिला भाग आपण डाएटच्या नावाखाली लगेच उचलतो. आज दुसऱ्या भागाकडे बघूया.

पुण्यात सदाशिव पेठेत शिकायला, स्पर्धा परीक्षेला आलेली मुलं कशी जेवतात, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. दोघांत एक डबा. नाश्ता म्हणजे चहा-बिस्किट. रविवारी संध्याकाळी मेस बंद, मग वडापाव, नाहीतर तोही नाही. सरकारी शाळेत आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं, कॉलेजात तशी सोय नाही. रेशनचं धान्य गावच्या घरी आणि मुलगा शहरात. विचारलं तर हसून सांगतो, "आज उपवास आहे." आणि आपण कौतुकाने म्हणतो, "केवढी तपश्चर्या!"

ही खरंच तपश्चर्या आहे का? एकादशीला आपण समोरचं ताट स्वतःहून बाजूला ठेवतो, आणि द्वादशीला पारणं ठरलेलं असतं. ज्याच्यासमोर ताटच नाही, त्याने त्याग कशाचा केला? सतराव्या अध्यायात तर भगवंत शास्त्र सोडून देहाला पिळणाऱ्या तपाला आसुरी ठरवतात, कारण त्या देहात तेच वसलेले आहेत. मग दुसऱ्याच्या भुकेला तप म्हणणं आपल्याला का आवडतं? कारण नुसता नमस्कार केला की आपलं काम संपतं.

कुणी म्हणेल, हाल सोसूनच माणसं मोठी झाली. खरंय. पण ती भुकेमुळे मोठी झाली, की कुणीतरी वेळेवर वाढलं म्हणून?

पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सात दिवस सात घरं. पोट भरायचं, पण रोज दुसऱ्याच्या उंबऱ्याशी उभं राहावं लागायचं, आणि ती दारं सगळ्या जातींना उघडी नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली. मुलांच्या जेवणासाठी पैसे उरले नाहीत, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. मला यात गीतेतला यज्ञ दिसतो.

आजचा नेम छोटासा आहे. रूममेटला "जेवलास का?" विचारू नका, उत्तर "हो" असंच येतं. "चल, जेवायला जाऊ" म्हणा. एकादशीला मेसमध्ये खाडा करता ना? ते ताट कुणाला तरी मिळू द्या, गाजावाजा न करता. आणि तुम्हीच अर्धपोटी असाल, तर जवळच्या एकाला तरी सांगा. मागण्यात कमीपणा नाही. आतल्या देवाला उपाशी ठेवू नका.

रामकृष्ण हरी!